थंड चालते

द्वारकेच्या सिग्नलला काटा थोडा उठतो,
कोपरावर रेलून कोण आलंय बघावं तसा,
आणि आडगाव नाका सुटून रस्ता मोकळा झाला
की पुन्हा निजतो.
ओझरपर्यंत पार तळाला.

डिसेंबर. सकाळचे साडेसहा.
दोन्ही बाजूंना द्राक्षबागांत शेकोट्या,
मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून रात्रभर जागवलेल्या.
धूर काचेवर येतो,
आणि मी हीटर पूर्ण उघडून
बोटांवर फुंकर मारत पिंपळगावच्या शाखेत पोचते.
कॅश मोजायला बोटं लागतात.

वडाळा नाक्यावरचा नूर कोकणी म्हणाला,
तापते म्हणून रोज येतात लोक.
थंड चालते म्हणून आलेल्या तुम्ही यंदा दुसऱ्या.
पहिले एक डॉक्टर होते, त्यांचा नुसता काटाच खोटा निघाला.
मग त्याने नाडी बघितल्यासारखं विचारलं :
गर्दीत चढतो? वेग घेतला की उतरतो?
पेट्रोल किती पिते?
अठराची गाडी चौदा देते म्हटल्यावर मान हलवली.
आज ठेवून जा. उद्या गार असतानाच बघू.

सकाळी त्याने गाडी चालू केली
आणि माझा हात वरच्या पाइपवर ठेवायला लावला.
बघा, हा बराच वेळ गारच राहायला पाहिजे.
वाल्व्ह बंद असतो, पाणी इंजिनाभोवतीच घुटमळतं,
ऐंशीच्या पुढे गेलं की दार उघडतं
आणि एकदम चटका.
चटका नाही आला.
पहिल्या मिनिटापासून कोमट,
पाहुण्यासाठी काढून ठेवलेलं
आणि पाहुणाच आला नाही, तसं पाणी.
उघडाच अडकलाय, नूर म्हणाला.

दोन बोल्ट काढले.
टॉर्च मारला. बराच वेळ गप्प.
अडकला म्हणालो ना मी? नाहीच आहे.
घर आहे, आत कोणी नाही.
कुणीतरी मुद्दाम काढलाय,
सफाईनं. पॅकिंगसुद्धा नवं टाकलंय.

मला नाव माहीत होतं.

नऊ वर्षांपूर्वीचा मे.
मुंबईहून परतताना कसारा घाटाच्या तिसऱ्या वळणावर
बॉनेटमधून वाफ.
भाऊ रुमालाने झाकण धरताहेत, सोडताहेत,
प्यायच्या पाण्याच्या बाटल्या ओतताहेत,
आणि आई कठड्यावर, डोक्यावर ओला टॉवेल,
मांडीवर हॉस्पिटलची फाइल.
ट्रक गेला की फाइलची पानं उडायची, ती तळहाताने दाबायची.
बसते की मी, म्हणाली. घाई काय आहे.
तीन तास.

त्यानंतर ही गाडी कधीच तापली नाही.
आईच्या पुढच्या सात फेऱ्यांत नाही,
नंतरही नाही.
भाऊंनी पेट्रोलबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

नूर म्हणाला, असं नका चालवू.
इंजिनाला तापावंच लागतं.
गार राहिलं तर झिजतं, फक्त आवाज होत नाही.
नवा वाल्व्ह त्याने आधी शेजारच्या टपरीवर
चहाच्या पातेल्यात सोडला, चहावाला शिव्या देत होता.
आम्ही तिघे वाकून बघत होतो.
पाणी उकळीला टेकलं
आणि ते पितळेचं बुबुळ
हळू उघडलं.
साडेसहाशे रुपये, मजुरी वेगळी.

घरी काही बोलले नाही.
रविवारी भाऊंना धरणाकडे नेलं, गंगापूर रस्त्याने.
ते रस्ता बघतच नव्हते.
सोमेश्वरच्या पुढे काटा मध्यावर आला.
थांबतो का तिथंच?
थांबतो.
मग थोड्या वेळाने, काचेकडे तोंड करून :
कुणी सांगितलं तुला?
पाइपने, मी म्हटलं.

हीटरच्या जाळीपुढे त्यांनी हात धरला.
उलटा केला. पुन्हा सुलटा.
मफलर काढून मांडीवर ठेवला, तळहाताने दाबून,
जणू उडेल.
तरी बघत राहा, म्हणाले,
घाटात बघत राहा.