उपयोगिता प्रमाणपत्र

मार्चअखेर.
प्रिटोरियाहून आलेल्या तक्त्यात एकोणीस रकाने,
सतरा मी भरलेत.
खिडकीबाहेर, विज्ञान शाखेच्या हिरवळीवर
कुणाच्या तरी शेळ्या शिरल्यात
आणि पहारेकरी मखुसेली त्यांना
एकेकीचं नाव घेऊन शिव्या देतोय.

रक्कम कशावर खर्च झाली?
लिहिलं :
पहिल्या वर्षाच्या गणिताला चौदा शिकवणी-सहायक,
तासाला इतके रँड.
चाळीस कॅल्क्युलेटर, उसने द्यायला.
सदतीस परत आले. उरलेले तीन कुठे आहेत
ते मला ठाऊक आहे,
पण तसं कुणी विचारलेलं नाही.
रात्री साडेनऊची बस, वाचनालय ते वसतिगृह,
कारण पोरी म्हणाल्या होत्या,
संध्याकाळची शिकवणी चांगलीय बाई,
पण परतायचं कसं?

आणि मग फूरी सर.
एकतीस वर्षं त्यांनी फळ्याला गणित शिकवलं.
मुलांना धडा राहू दे,
सरांची पाठ तेवढी तोंडपाठ :
डाव्या खांद्यावर खडूचा ढग,
कॉलरखाली उसवलेली शिवण.
अनुदानातून मला त्यांच्या वर्गात बसवलं,
शेवटच्या बाकावर,
वही आणि स्टॉपवॉच देऊन.

तासात सहा वेळा सर विचारत, "काही शंका?"
आणि थांबत
दीड सेकंद.

आकडा दाखवला तेव्हा भडकले.
म्हणाले, तुझं घड्याळ बिघडलंय.
दुसऱ्या दिवशी स्वतःचंच काढून टेबलावर ठेवलं,
वडिलांचं, किल्लीचं.
"काही शंका?"
आणि वळलेच नाहीत.

एक. दोन.
कुणीतरी खोकलं.
तीन.
तीनशे दहा मुलं, एक पंखा.
चार, पाच.
सरांच्या मुठीतला खडू ओला झाला असणार.
सहा.
सातव्याला
लुसिकिसिकीची नोलुवुयो जिबा
अर्धीच उभी राहिली,
याच विषयात दोनदा नापास झालेली.
खोसात सुरू केलं, मध्येच इंग्रजीत आली,
दोन्हीकडे ठेचकाळली :
तो फरक शून्याजवळ जातो म्हणता,
पोचत कधीच नाही म्हणता,
मग उत्तर लिहिताना
पोचल्यासारखं का लिहिता?

सर टेबलाला टेकले.
"एकतीस वर्षांत," म्हणाले, "मला हे कुणी..."
वाक्य तिथेच सोडलं
आणि तोंड वर्गाकडेच ठेवून
मागे हाताने चाचपत डस्टर शोधू लागले,
सापडेना.
पहिली रांग हसली. सरही.

आता हे कुठल्या रकान्यात घालू?
सात सेकंद, दर काय लावू?
पावती कुणाची जोडू?

नोलुवुयो नोव्हेंबरात पास झाली असती
तर टक्केवारीत मावली असती.
अठ्ठेचाळीस पडले तिला. पन्नास लागतात.
तक्त्यात ती "अयशस्वी" च्या खाली आहे,
नाव नाही, नुसता एक आकडा कमी-जास्त.
पण फेब्रुवारीत पुन्हा आली,
भाड्याच्या टॅक्सीत मांडीवर गादीची वळकटी घेऊन.
माझ्या दारात उभी राहून तिने
गणिताचं काहीच विचारलं नाही.
"बाई, यंदा बस आहे ना?"

मी म्हटलं, आहे.
तेव्हा मला माहीत नव्हतं.
अजूनही नाही.

अठरावा रकाना : अखर्चित रक्कम परत करावी.
शून्य.
एकोणिसावा : अपेक्षित परिणाम साधला काय?
होय / नाही. लागू नसेल ते खोडावे.

लेखा विभागातून दोनदा फोन येऊन गेला,
पाचला कुलूप लागतं.
मखुसेली चहाला गेला आणि शेळ्या परत आल्या.
मी पेन उघडं धरून बसलेय
आणि मोजतेय.
चार.
पाच.