ओट्याची उंची

चौकोनी कागदावर यांनी स्वयंपाकघर काढलं,
एक चौकोन म्हणजे सहा इंच,
फ्रीज तीनदा खोडला
आणि चौथ्यांदा होता तिथेच ठेवला.
आकडा ठरला: दोन लाख ऐंशी हजार.
"वरखर्चाला वीस धरा," मी म्हटलं.
"कसला वरखर्च?"
बँकेतून निवृत्त झाले, तरी बेरजेवर श्रद्धा.

मिंगेल मेस्त आला तो रिकाम्या हातांनी.
बोटाच्या पेराने भिंत वाजवून पाहिली,
कलिंगड निवडावं तशी,
आणि म्हणाला, "चवथी पयलीं."
आमच्या डिचोलीत सगळी कामं चवथीपूर्वीच संपतात.
कुठल्या चवथीपूर्वी, ते विचारायचं नसतं.

पहिल्या दिवशी नुसतं तोडलं.
फरशीखाली निळा रंग, निळ्याखाली पिवळा,
पिवळ्याखाली चुलीचं काजळ,
बोट लावलं तर अजून बोटाला येणारं.
आणि एक वायर,
कुठून निघून कुठे जाते ते रोहिदास वायरमनलाही कळेना.
कापली,
तर शेजारच्या मांद्रेकरांची बेल बंद पडली.
वरखर्चाचे वीस तिथेच संपले.

मग सोप्यावर संसार. एक शेगडी, एक कुकर,
खोक्यांवर माझ्या अक्षरात "रोजचं", "रोजचं दोन", "बाकी".
हळद "बाकी"त निघाली.
भांडी न्हाणीत, उकिडवं बसून.
धूळ वरणात, धूळ उशीच्या अभ्र्यात,
देवांच्या कपाळावर गंधाआधी धूळ.
एकदा बांगडे तळले,
तर सोफा दोन दिवस बांगडा.

"फाल्यां येतां," मिंगेल फोनवर सांगायचा.
फाल्यां नावाचा वार कुठल्या कॅलेंडरात नाही.
साळगावला पुतणीचं लग्न होतं,
मग त्या लग्नाचा थकवा.

फरश्या सहा कमी पडल्या.
म्हापशाचा दुकानदार म्हणाला, तो लॉट संपला,
नवा किंचित दुधाळ आहे.
हे दोन रात्री झोपले नाहीत.
मी म्हटलं, लावा त्या फ्रीजच्या मागे.
तीनदा खोडलेला फ्रीज असा कामी आला.

पण मला सांगायचंय ते हे नाही.

ओटा घालायच्या सकाळी मिंगेलने हाक मारली,
"बाय, हांगा राव."
भिंतीला पाठ लावून मला उभं केलं,
शाळेत मी पोरांना करायचे तसं.
कोपर दुमडायला लावलं
आणि त्याखाली एक मूठ, वर दोन बोटं सोडून
पेन्सिलीने रेघ मारली.
"बत्तीस," यांनी कागदावरून वाचलं.
"सगळीकडे बत्तीसच असतो."
मिंगेलने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही.
"सगळेकडेन हीच बाय रांदता?"

छत्तीस भरले.

सव्वीस वर्षं रोज चार इंच.
कंबरेला पट्टा दिला डॉक्टरांनी, गोळ्या दिल्या,
उंची कुणी विचारली नाही.
लग्न ठरताना विचारली होती एकदा:
पाच फूट सात.
जरा जास्तच आहे, म्हणाले होते.

चवथ आली, गेली.
नेवऱ्या टीव्हीसमोर लाटल्या.
आकडा शेवटी चार लाख बाराशेवर थांबला,
म्हणजे यांनी लिहायचं थांबवलं.
सिंकचा नळ अजून गळतो. फाल्यां बघणार आहे.
नारळ मात्र मी आडोळीवरच खोवते,
खाली बसून, तिथे कुणाचंच माप चालत नाही.

आणि हे पाच फूट चार.
पाटावर उभे राहून कांदा चिरतात.
"दोन इंच कमी चाललं असतं," म्हणतात.
ओटा वर आल्यापासून
कांदा त्यांच्या डोळ्यांच्या जवळ आलाय,
रडू लवकर येतं.