चिकटपट्टी

अतिग्रे साहेब ओरडले नव्हते.
हे आधीच सांगतो, कारण चौकशीला आलेला माणूस
फिरून फिरून तेच विचारत होता : दमदाटी झाली का?
नाही. खांद्यावर हात होता.
दुसऱ्या हातात चहा, तोही त्यांनी मलाच दिला.
"सेन्सर लई थांबवतोय रे प्रेस.
जरा चिकटपट्टी लाव त्याच्या लाल दिव्यावर. मी आहे."

मी आहे.
भरलेली पाटी कुणी डोक्यावरून
आयती उतरून घ्यावी, तशी मान हलकी झाली.

पहिल्या दिवशी एकाच प्रेसला, दहा मिनिटं.
मग शिफ्टभर.
मग शेजारच्या प्रेसला,
आणि ते मला कुणी सांगितलंही नव्हतं.
रोल खिशातच असायचा.

आमच्या घरी आण्णा पाटावर बसेपर्यंत
कुणी ताटाला हात लावत नाही.
तालमीत वस्ताद म्हणाले पाचशे, की पाचशे.
'का' असं मी आयुष्यात फक्त पेपरातच सोडवलंय :
कारणे द्या, दोन मार्क.

झाडलोट करणारी मालूताई एकदा म्हणाली,
"आणि बोट कुणाचं जाईल? साहेबाचं व्हय?"
सगळे हसले.
मी जरा जास्तच.

जोतीराम. कसबा बावड्याचा. एकोणीस पुरी व्हायची होती.
उजव्या हाताची दोन.
बर्फ आणायला पळायचं होतं,
तर पळण्याआधी मी साहेबांकडे बघितलं,
जाऊ का, म्हणून.
हे चौकशीत कुणी विचारलं नाही.

साहेब म्हणाले, मी असं काही बोललो नाही.
वहीत सही माझीच निघाली.
मला त्यांचा राग यायला हवा होता.
पण त्यांच्या कपाळावरचा घाम मी ओळखला,
त्यांनाही वरून कुणीतरी नुसता आकडा सांगितला असणार,
हळू आवाजात,
चहा पाजून.

काल रात्रपाळी सुटली. दाभोळकर कॉर्नरला सिग्नल लाल.
पावणेतीन वाजलेले, चारी रस्ते मोकळे,
एक कुत्रं तेवढं तिरकं पलीकडे गेलं
आणि मागं वळून माझ्याकडे बघत थांबलं.
मी गाडी बंद करून उभा.
साठ. एकोणसाठ. अठ्ठावन्न.
पँटच्या खिशातला रोल
मांडीला रुतत होता.