रिजेक्शनचा रकाना

उद्यमबागेत रुजू झाले तेव्हा
माझ्याकडे ओलावा मोजायचं मीटर होतं, नवंकोरं,
आणि इचलकरंजीच्या कॉलेजातली चार वर्षं.
यल्लाप्पा हलगेकरांकडे उजवा हात होता.

ते वाळू मुठीत दाबायचे,
मूठ उघडून ढेकूळ मधोमध मोडायचे
आणि मोडलेल्या कडेकडे बघत राहायचे,
पोर परीक्षा देऊन आल्यावर
त्याच्या तोंडाकडे बघावं तसं.

त्या दिवशी मीटर म्हणालं, तीन पूर्णांक सहा. चालतंय.
ते म्हणाले, "बघा, बाई."
मी बघितलं.
मीटरकडे.
आणि रस ओतायला लावला.

पंपाच्या बेचाळीस बॉड्या.
गार झाल्यावर कापून पाहिल्या,
आतून अनारशासारखी जाळी.

वर्क्स मॅनेजर हुद्दार साहेब ओरडले नाहीत.
यल्लाप्पाही "मी सांगितलेलं" म्हणाले नाहीत.
दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर
एक भोकाभोकांचा तुकडा ठेवलेला,
कागद उडू नयेत म्हणून.
अजून आहे.

पुढं कुठल्या दिवशी काय शिकले, सांगता यायचं नाही.
एवढं कळतं, की "होतंय की, मॅडम" म्हणजे गुरुवार,
आणि तोच माणूस नुसतं "होतंय" म्हणाला
तर त्याच्या पुढचा गुरुवार.
मडिवाळप्पाचं "नोडोण री"
म्हणजे चांगल्या घरातलं "नाही".
रात्रपाळीत शेकआउटपाशी कुणीच शीळ घालत नसेल
तर पगारात कुठंतरी चूक झालीय.
पाट्यांवरच्या अक्षरांवरून गाव तापणार असेल
तर पुण्याचा माल आदल्या रात्रीच कोगनोळीपार,
आणि दुसऱ्या दिवशी चहाला
दोन्ही भाषांची माणसं एकाच बाकावर बसतायत का
हे बघायचं केबिनच्या काचेतून,
फाईल वाचत असल्यासारखं करत.

यंदा हेड ऑफिसचा फॉर्म आला:
आपले अनुभवजन्य ज्ञान मुद्देसूद लिहावे, वीस मुद्दे.
माझे सात झाले.
त्यातले दोन एक्झॉस्ट फॅनबद्दल.

काल नव्या पोरानं, बोरगावच्या सन्मती चौगुलेनं, विचारलं,
मॅडम, सगळे आकडे बरोबर होते,
तुम्ही हीट का थांबवली?
म्हटलं, वास.
मग म्हटलं, वास नव्हे, लॅडलवाल्याची मान.
तो वहीत "मान" लिहून पेन उचलून थांबला.
मला पुढचं येईना.
म्हटलं, "बघ, बाबा."
आणि स्वतःचंच तोंड ओळखीचं वाटलं नाही.

त्या फॉर्मपायी स्टोअरमधली जुनी रजिस्टरं उपसली.
माझ्या पहिल्या वर्षाचं सापडलं, वाळवीनं एक कोपरा खाल्लेलं.
महिन्याच्या एक तारखेला
हुद्दार साहेबांच्या तिरक्या अक्षरात
अपेक्षित रिजेक्शन:
भट्टी बारा, कोअर नऊ,
नवी बाई चाळीस.

माझ्या बेचाळीस बॉड्या एकोणीस तारखेच्या.

बराच वेळ त्या पानावर हात ठेवून उभी होते.
साहेब आता खानापूरला असतात, ऐकू कमी येतं.
फोन करून काय म्हणणार होते?
दोन जास्त गेल्या, साहेब, म्हणून?

आज एक तारीख.
रकान्यात सन्मतीच्या नावापुढं पंचवीस मांडलेत.
तीस मांडवले नाहीत,
स्टील किती महाग झालंय.

साडेदहाला तो आला, मीटर खिशात,
उजवा तळवा काळा.
म्हणजे मुठीत घेऊन पाहिलेली दिसते.
काय दिसलं, त्याचं त्याला.
दाराशीच उभा राहून विचारतोय,
"मॅडम, ओतू?"

मी फाईल वाचत्येय.