तळटीप

रोमाच्या विद्यापीठात जूनमध्ये कधीमधी बर्फ पडतो.
परदेशातून आलेले नवे सर पहिल्याच तासाला
कीव आल्यासारखे म्हणाले,
"हिमवर्षाव तुम्ही पाहिला नसेल. कल्पना करा."
मागच्या बाकावर त्सेलिसोनं
ब्लँकेटवरचा बर्फ झटकला,
आणि आम्ही सगळ्यांनी मुकाट्यानं
कल्पना केली.

मी एक्केचाळीस वर्षांची.
लोकरीच्या शेडमध्ये सोळा वर्षं प्रतवारी केली :
पाठीची वेगळी, पोटाची वेगळी, शेणात लडबडलेली वेगळी.
बोटांचा तेलकट वास अजून गेला नाही,
ग्रंथालयाच्या पुस्तकांना लागतो.
इंग्रजी साहित्यात एम.ए.
"म्हणजे शेवटी होणार काय तू?" शेजारची मात्सेपो विचारते.
मला सांगता येत नाही.
"बरं," ती म्हणते, "पण बसायचं काम दिसतंय."

विषय घेतलाय :
जुन्या कादंबऱ्यांतल्या मोलकरणी.
दार उघडलं गेलं. चहा आला. पडदे ओढले गेले.
बघा, वाक्यात बाई नाही.
दोनशे चौदा दारं मोजली मी.
नावानिशी उघडलेली
सात.

रात्री आईला कादंबरी सांगते, सेसोथोमध्ये.
आमच्या भाषेत तो आणि ती
एकाच अक्षरात राहतात,
म्हणून आई मधेच अडवते,
"रडलं कोण? बाप्या की बाई?"
"बाप्या."
"मग रडू दे. पुढे सांग."

ब्लूमफाँटेनला एका घरात ती बावीस वर्षं कामाला होती.
तिथे तिला काय नावानं हाक मारायचे
ते ती सांगत नाही.

तिसरं प्रकरण वाचून दाखवलं :
ती खोलीत असते पण दिसत नाही,
हा तिच्यावरचा अन्याय, वगैरे.
आई काटकी मोडत होती. म्हणाली,
"न दिसलेलं बरं असायचं ग.
ट्रे ठेवायचा, भिंतीशी उभं राहायचं.
त्यांची बोलणी संपेस्तोवर दहा मिनिटं माझी.
तुझे दुधाचे दात, छपराचा पत्रा,
खाणीतून न आलेलं तुझ्या बापाचं पाकीट,
सगळा हिशेब मी त्या भिंतीशी केलाय.
ती तिथं काय मोजत होती
हे लिहिणाऱ्याला कळलं नाही, ठीक.
पण तुला?"

चार महिन्यांचं काम
तिथल्या तिथे मटकन खाली बसलं.

जुना मसुदा आईनंच चुलीत घातला.
"इंग्रजी चटकन पेटतं," म्हणाली,
"पण निखारा धरत नाही."
मी हसले नाही. मग हसले.

प्रकरण नव्यानं लिहिलं, वाकडंतिकडं,
भिंतीपासून सुरुवात करून.
डॉक्टर म्होलोमी चष्मा पुसत म्हणाले,
"मुद्दा आहे. आधार कुठला?"

तळटीप एकसष्ट. पेन थांबलं.
आईचं नाव मानालेदी,
म्हणजे नालेदीची आई.
लग्नाआधी तिला काय म्हणत
हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं.
दोनशे चौदा दारं मोजणारी मी.

त्या रात्री विचारलं.
तिनं सांगितलं, आणि चुलीवरचं झाकण सारखं केलं.
ते नाव तिथे लिहिलंय.
पुढे : तोंडी, स्वयंपाकघर, बाहेर बर्फ.

सरांनी तांबड्या शाईत समासात विचारलंय,
पान क्रमांक?