मधली पट्टी

पंचफुलाबाईनं दुरडी पालथी केली माझ्या मशीनवर.
बारा चौकोन. हातानं जोडलेले,
टाका इतका बारीक
की मला माझ्या पायमशीनची लाज वाटली.
"मोठी वाकळ करून दे," म्हणाली, "पन मधात पट्टी पायजे.
एकमेकाले भिडले का भांडतेत हे."

खरं होतं.
शाळेचा निळा आणि कोणाच्या तरी हळदीतला चकचकीत पोपटी
शेजारी ठेवले की दोघंही ओरडत होते.

मी कातरणीचं पोतं सोडलं.
अर्ध्या शटरखालून चैताचं वारं येत होतं,
चौकोन उडू नयेत म्हणून
एकावर कैची ठेवली, एकावर चहाचा ग्लास,
एकावर खडूचा डबा.
एका चौकोनावर तिनं नुसता हात ठेवला.

आधी पांढरा.
"बोरवेलच्या पान्यानं सहा महिन्यात पिवळा होते, बाप्पा."
मग काळा. ती काही बोलली नाही, मीच उचलून घेतला.
मग भगवा लावून पाहिला, मग हिरवा, मग निळा.
निवडणूक झाली की हा माल माझ्याकडे
ताग्यानं पडून असतो, सुती, पक्का, फुकट.
ती हसायलाच लागली.
"अजी मेघराजभाऊ, याच्याखाली मानूस झोपनार हाये,
सभा नाई भरनार."

एवढं मोठं पोतं,
आणि एक रंग मोकळा सापडेना.
जो उचलावा तो कोणाचा तरी.

शेवटी तिनंच ओढून काढलं
ब्लाउजचं अस्तर.
बदामी म्हणतो आम्ही, पण त्याला रंग कोण म्हणतं?
आजवर एकाही बाईनं तो मागितला नाही,
मीच आपला लावतो, आतून.
चौकोनांच्या मध्ये ठेवला आणि
निळा निळ्यापुरता राहिला, पोपटी पोपटीपुरता.
उन्हाळ्यातल्या धुऱ्यासारखा दिसत होता तो,
गवत वाळलेला, दोन वावरांच्या मधला.
या गावात धुऱ्यावरून डोकी फुटली आहेत.

"आता हे," म्हणाली, आणि हात उचलला.
खाली खाकी. धुऊन धुऊन धांड्यासारखा झालेला.
अकरा वर्षं होमगार्डात होती ती.
दुरडीच्या तळाशी त्याच पँटची मोहरी निघाली,
सरकारी माप, तिच्या उंचीला मोठं,
मीच दुमडली होती चार बोटं आत.
टाके माझेच. उसवले.
आत पहिल्या दिवसाचा खाकी तसाच बसलेला,
इस्त्रीचा, न घाबरता उभा राहणारा.

सगळ्या पट्टीला पुरला नसता.
मी बोटांनी हिशेब केला: तीन-तीनच्या चार ओळी,
पट्ट्या एकमेकींना सहा जागी कापतात.
"सहा चौक," मी म्हणालो.
"मंग तठी उभी कर मले," ती म्हणाली,
"ईसर्जनाले तसीच तर उभी राहो."

मगजीचं विचारलं तर म्हणे, थे मी घरी पाहीन.

पोळ्याच्या आसपास तिच्या कुंपणावर दिसली वाकळ,
वाळत घातलेली.
चारी कडांनी तो हळदीतला पोपटी, दोन बोटं रुंद,
रस्त्यावरच्या बैलांनासुद्धा दिसेल असा.
सायकल थांबवून पाहत राहिलो.
मी काही तो लावला नसता.