बेचाळीस सेंटिमीटर

मार्च. बर्फ अजून चार फूट जाड.
ओक्सानाने गिरमिट आरपार नेलं तेव्हा
उचकी लागावी तसं तळं एकदाच उसळलं
आणि ते पाणी माझ्या बुटांवर गोठलं.

मी स्नोमोबाइल चालवतो, दोर धरतो,
दिवसाचे पैसे ठरलेले.
नळी खाली जाते.
किती खोल ते हाताला कळतं:
तळ लागला की दोर एकदम सैल पडतो,
झोपलेल्या मुलाची मूठ सुटावी तसा.

चिखल वर आला, उभाच्या उभा.
पारदर्शक नळीत बेचाळीस सेंटिमीटर.
"दोनशे वर्षं," ती म्हणाली,
आणि शिंप्याने बाही मोजावी तशी
पट्टी लावली.

तळचा गाळ तपकिरी, लोण्यासारखा.
त्यात खवले आहेत, शेवाळ आहे,
कुठल्याशा उन्हाळ्यात जळालेल्या जंगलाची
केसाएवढी काळी रेघ.
तिथवर याचं नाव
जुन्या जाळ्यांचं तळं.
मग नकाशेवाले आले आणि त्याला नंबर मिळाला.

सोळावर रंग बदलतो.
ती म्हणाली, इथे धुराडं पेटलं.
मला सांगायची गरज नव्हती.
माझा बाप, नार्सिस, पुढे त्याच भट्टीवर होता.
दगड भाजायचा, दगड सोनं सोडायचा,
आणि सोन्याआधी जे सुटायचं
ते पांढरं, बारीक,
बर्फावर बर्फ होऊन बसायचं.
ना वास, ना चव.
कुत्र्यांनी आपापले पंजे चाटले.
एका आठवड्यात सात कुत्री.
कंपनीने कुत्र्यामागे वीस डॉलर दिले
आणि सही घेतली.
बापाला सही येत नव्हती,
त्याने अंगठा दिला, तोही पांढरा.

पण हेही सांगितलं पाहिजे:
त्याच थरात आमच्या घराचा पत्रा आहे.
सेलिनचा पहिला चष्मा आहे.
लाल अकॉर्डियन आहे, एक सूर दाबला की
शेजारचाही वाजायचा असं.
शनिवारी बाप भट्टीवरून यायचा,
हात तीनदा धुवायचा, मग वाजवायचा.
आम्ही नाचायचो.
ओक्सानाची सुरी बारीक आहे,
अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरचे काप काढते ती,
पिशव्यांवर आकडे घालते.
तिलाही हे वेगळं काढता येणार नाही.

बारावर बॉम्बची धूळ.
दूर कुठे तरी फोडलेले, इथवर आलेले.
त्यावरून साल ठरवतात म्हणे.
आमच्यात साल ठरतं
त्या वर्षी कोण बर्फातून खाली गेलं त्यावरून.

"वरचं चार बोटं तरी चांगलं असेल," मी म्हटलं.
"खाण बंद होऊन वीस वर्षं झाली."
तिने टोपी मागे सारली. लगेच बोलली नाही.
मग म्हणाली, विष जिथे पुरलं तिथे बसत नाही.
खाली हवा नाही,
तिथे ते सुटं होतं, हळूहळू वर सरकतं,
आणि वरच्या गंजाच्या पातळ सायीला येऊन चिकटतं.
सगळ्यात ताजा चिखलच कधी कधी
सगळ्यात वाईट निघतो.

मी पाहिलं. वरचं बोटभर
गंजाळलेलं, सुंदर,
कोल्ह्याच्या पाठीच्या रंगाचं.

ऑग्युस्तीन काठावरून चालत आली,
थर्मासमध्ये गावाहून आणलेलं पाणी.
तिने नळीकडे पाहिलं नाही, भोकाकडे पाहिलं.
"मासा खायचा की नाही?"
ओक्साना म्हणाली, अहवाल शरदात येईल.
"मासा त्याआधी येतो," ऑग्युस्तीन म्हणाली,
आणि चहा ओतला, आधी तिला.

परत निघताना भोकावर साय धरली होती.
रात्री कुणाचा पाय जायला नको म्हणून
मी स्प्रूसची फांदी रोवली तिथे.
खाली काही हललं, की मला वाटलं.
गाडी सुरू केली.
मागे, दोन घोंगड्यांत गुंडाळून,
माझा बाप उभा होता, नळीत,
आणि खड्डा आला की मी
हळू करत होतो.